तापीचा ट्रे

नोव्हेंबरात ऑफिसातली एक जण बालीला जाऊन आली. तिच्या फोटोंत देवळं होती, भातखाचरं होती, पण मी अडकले ते एका झापाच्या शेडवर. लाकडी टेबलाभोवती सात-आठ पर्यटक निळे हातमोजे घालून उभे, आणि प्रत्येकापुढे निळ्या-हिरव्या लाटांचा एकेक ट्रे. "रेझिन आर्ट. काचेसारखं घट्ट होणारं रसायन, रंग घालून ओतायचं. तीन तासांत शिकवतात. समोर समुद्र, आणि तोच आपण ट्रेमध्ये ओतायचा," ती म्हणाली. मी डबा खात होते. माझ्याकडे पाच दिवसांची शिल्लक रजा होती आणि जळगावची तिकिटं.

रात्री नवऱ्यापुढे कुरकुर केली तर तो म्हणाला, "कर्कवृत्त वर उज्जैन-भोपाळकडून जातं. जळगाव पडतं एकवीस अंशांवर. म्हणजे तूही ट्रॉपिकललाच चाललीयेस की. केळीसुद्धा आहेत." तो स्वतः येणार नव्हता, त्यामुळे त्याला विनोद सुचत होते.

मामेबहिणीशी फोनवर बोलताना सहज विषय निघाला, तर ती म्हणाली, "रेझिनचा क्लास ना? आमच्या मागच्या गल्लीत आहे. दोन दिवसांचा. नाव टाकून ठेवू?"

पहिला दिवस, २५ डिसेंबर

रात्रभराचा प्रवास करून सकाळी जळगाव. लेकीने (वय बारा) स्वेटर बॅगेच्या पार तळाशी कोंबला होता, कारण तिचं जळगाव म्हणजे मे महिन्यातलं, पंचेचाळीस अंशांचं. डिसेंबरातली पहाट इथे दहा-बारा अंशांवर येते हे तिला प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर कळलं. रिक्षात ती माझ्या शालीत शिरून बसली.

दिवसभर काही केलं नाही. झोप, शेवभाजी, पुन्हा झोप. संध्याकाळी मेहरूण तलावावर एक चक्कर. रात्री क्लासच्या मॅडमचा फोन आला आणि सूचनांची यादीच मिळाली. नखं कापून या. बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा. ओढणी नको. कपडे असे घाला जे उद्यानंतर पुसायला काढले तरी चालतील. आणि साच्यात घालायला काही आणणार असाल तर ते कडक वाळलेलं पाहिजे, ओलं काही चालायचं नाही.

आम्ही दुपारीच अंगणातली बोगनवेल तोडून ठेवली होती. ताजी, टवटवीत. लेकीने ती वर्तमानपत्रात घालून वरून इस्त्री फिरवली. कागदी फुलंच ती, पटकन सपाट झाली. मी पिशवीत एक कापसाचं उमललेलं बोंड घेतलं. मनात चित्र पक्कं होतं: कपाखाली ठेवायच्या काचेसारख्या चकतीत, म्हणजे कोस्टरमध्ये, पांढराशुभ्र कापूस. खानदेशची खूण.

दुसरा दिवस, २६ डिसेंबर

मॅडमचा क्लास म्हणजे गच्चीवरची एक खोली. दोन बाजूंना खिडक्या, दोन्ही सताड उघड्या, आणि आम्ही सगळे स्वेटरवर अॅप्रन बांधून कुडकुडत बसलेलो. खिडकी लावू का विचारलं तर मॅडमनी ठाम नकार दिला. वास फार येत नाही म्हणून हे निरुपद्रवी आहे असं समजू नका, म्हणाल्या. कापडी मास्क धुळीपुरता, वाफेसाठी फिल्टरचा वेगळा लागतो. त्यांच्याकडे प्रत्येकाला एकेक होता. रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतात तो हार्डनर कातडीला लागू द्यायचा नाही. आज काही होणार नाही, उद्याही नाही, पण काहींना पुढे कधीतरी त्याची अॅलर्जी जडते आणि मग हा धंदाच सोडावा लागतो. त्यांच्या ओळखीतल्या एकीचं तसं झालंय. हे ऐकल्यावर लेकीने हातमोजे कोपरापर्यंत ओढायचा प्रयत्न केला.

आम्ही सात जण होतो. मी, लेक, मामेबहीण, दोन मैत्रिणी-मैत्रिणी, एक नुकतं लग्न झालेली मुलगी आणि एक सुताराचा मुलगा. त्या मुलीने लग्नातली वरमाला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात वाळवून आणली होती. गुलाब काळपट पडले होते, पण आकार शाबूत. मॅडमची निम्मी कमाई अशा वरमालांवर, उरलेली नेमप्लेट, घड्याळं आणि बाळांच्या जावळावर. सुताराच्या मुलाला रिव्हर टेबल शिकायचं होतं: बाभळीच्या दोन फळ्या, मधल्या फटीत रेझिनची नदी. पुण्या-मुंबईत त्याचे लाखभर रुपये घेतात आणि लाकूड मात्र आमच्याकडून जातं, असं त्याचं म्हणणं.

सुरुवातीला मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला पुढचे चार दिवस पुरली. रेझिन म्हणजे राळ. सातपुड्यात सालईच्या खोडाला खाच पाडली की जो चीक गळतो, जो आपण धूप म्हणून जाळतो, तीही राळच. पण झाडाची राळ उडणारं तेल उडून गेल्यावर सुकते. आपलं हे बाटलीतलं रेझिन, म्हणजे इपॉक्सी, सुकत नाही. रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंततात आणि त्या गुंत्याचा दगड होतो. "म्हणून पंखा लावून घाई करता येत नाही. आणि माप चुकलं तर वर्षभर ठेवा, ते चिकटच राहणार. पाकात साखर कमी पडली तर वर टाकता येते, इथे नाही."

आमच्या बाटल्यांचं प्रमाण वजनाने दोनास एक होतं. दुसऱ्या कंपनीचं तीनास एक किंवा समसमान असू शकतं. बाटलीवर असेल तेच खरं, यूट्यूबवरची बाई काहीही सांगो. गारठ्यामुळे रेझिन बाटलीतून मधासारखं ओघळत होतं. मॅडमनी बाटल्यांची झाकणं घट्ट करून त्या कोमट पाण्याच्या पातेल्यात उभ्या केल्या, दहा मिनिटांनी बाहेर काढून कोरड्या पुसल्या, तेव्हा कुठे धार पातळ झाली. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. मे महिन्यात त्या क्लास सकाळी सहाला घेतात, कारण नऊनंतर कपातलं मिश्रण हातातच तापायला लागतं आणि ओतायच्या आधी घट्ट होतं. जितकं जास्त मिश्रण एका कपात, तितकं ते लवकर तापतं. एकदा अर्धा किलो तसंच राहून गेलं तर कपातून धूर निघाला आणि कप वितळला.

मग ढवळणं. हे मला सगळ्यात आवडलं. सपाट काडीने, सावकाश, चार मिनिटं घड्याळ लावून. फेटायचं नाही, हवा शिरते. गंध उगाळतो त्या गतीने. कडा आणि तळ खरवडत राहायचा. सुरुवातीला आत धागे दिसतात, पाण्यात साखर विरघळताना दिसतात तसे, वळवळणारे. तिसऱ्या मिनिटाला वाटतं, झालं. मॅडम म्हणतात, "नाही झालं, उजेडात धरा." खरंच एखादा धागा असतो. चौथ्या मिनिटाला सगळं स्वच्छ होतं आणि कपात काही आहे की नाही कळत नाही, इतकं.

आता माझा पराक्रम. एका कोस्टरला साठ ग्रॅम: चाळीस रेझिन, वीस हार्डनर. कप काट्यावर ठेवला की आधी काटा शून्यावर आणायचा, हे मॅडमनी दोनदा सांगितलं होतं. मी वरमालावाल्या मुलीला सासर कुठलं ते विचारत होते. सासर पारोळ्याचं निघालं आणि माझा काटा शून्यावर आलाच नाही. सहा ग्रॅमचा कप मी रेझिन म्हणून मोजला. म्हणजे रेझिन चौतीस, हार्डनर वीस. हे माझ्या लक्षात आलं मिश्रण साच्यात गेल्यावर. मॅडम फक्त "परवा बघू" म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आशा नव्हती.

दुसऱ्या कोस्टरला माप शून्यावरून घेतलं, तीनदा तपासलं आणि त्यात माझं ते कापसाचं बोंड ठेवलं. मॅडम काही म्हणायच्या आत. वरून रेझिन सोडलं. कापसाने ते प्यायलं आणि, काय सांगू, कापूस गेला. डोळ्यांदेखत. पांढरा रंग कडेपासून आत आत विझत गेला, ओल्या कागदासारखा पारदर्शक झाला, आणि दोन मिनिटांत तळाशी नुसतं तपकिरी बोंडाचं टरफल, काळसर सरकीच्या चार बिया आणि त्यांच्याभोवती बुडबुड्यांचा फेस. सुताराचा मुलगा वाकून बघत म्हणाला, "कापूस गेला, खर्च राहिला." त्याच्या घरी दोन एकर कपाशी आहे, त्यामुळे त्याला तो हक्क होता.

मॅडमनी नंतर कारण सांगितलं. कापूस पांढरा दिसतो तो तंतूंमध्ये हवा असते म्हणून. हवेच्या जागी रेझिन शिरलं की उजेड आरपार जातो, कारण दोघांतून तो जवळजवळ सारखाच वाकतो. कापूस पांढरा ठेवायचा तर आधी त्याला पांढऱ्या अॅक्रिलिकचे हात देऊन हवाबंद करायला हवं. म्हणजे कापसाला कापसाचा रंग द्यायचा. ते मला काही पटलं नाही.

दुपारी सगळ्यांनी समुद्र केला. क्लासचं ते ठरलेलंच काम: तळाला वाळूचा रंग, मग फिकट निळा, मग गडद, आणि कडेला पांढऱ्या रंगाची रेघ, जी हीट गनच्या (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राच्या) वाऱ्याने पुढे लोटली की जाळीदार फेस होते. हीट गन वीतभर वर, सतत हलती. एका जागी धरली की खड्डा पडतो. लेकीचा फेस माझ्यापेक्षा चांगला आला. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटर, पण संध्याकाळी त्या गच्चीवर सात समुद्र ओळीने खोक्यांखाली झाकून ठेवलेले होते, धूळ बसू नये म्हणून. बालीत तेच, जळगावात तेच. माझा तर जुहूसारखा दिसत होता, भरतीच्या वेळचा.

जिना उतरताना मी मॅडमना विचारलं, परवा मला समुद्राऐवजी तापी करता येईल का. त्या थांबल्या. "तापीचा रंग कोणता?" म्हणाल्या.

मला सांगता येईना.

तिसरा दिवस, २७ डिसेंबर

रेझिनला चोवीस तास हात लावायचा नव्हता, म्हणून आज चांगदेव. भुसावळवरून मुक्ताईनगरच्या रस्त्याने, मामेबहिणीच्या गाडीतून. मुक्ताईनगरला आमच्याकडचे जुने लोक अजून एदलाबादच म्हणतात.

चांगदेवाचं देऊळ दगडी, हेमाडपंती, उन्हात तापायला लागलेलं. दर्शन झालं, पण आज माझं लक्ष खाली पाण्याकडे. इथे पूर्णा तापीला मिळते. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून येते, पूर्णा अकोला-बुलढाण्याकडची काळी माती तुडवत येते. पुढे हतनूरचं धरण असल्याने पाणी ऐसपैस पसरलेलं. मी फोन काढला, रंग टिपायला, आणि लक्षात आलं की कुठली कोणती तेच दिसत नाही. एकच हिरवट-राखाडी पत्रा. नारळ-फुलं विकणाऱ्या आजोबांना विचारलं. त्यांनी बोट डावीकडे केलं, मग उजवीकडे, मग मध्ये हलवून सोडून दिलं. "इथून पुढं दोन्ही तापीच," म्हणाले. "पावसाळ्यात या. पूर्णेचं गढूळ वेगळं दिसतं."

मग मी जरा खाली उतरून पाण्याजवळ बसले. जवळून ते हिरवट-राखाडी नव्हतंच. काठाला चहासारखं तपकिरी, वीतभर आत शेवाळी, त्यापुढे आभाळ. लेक म्हणाली, "आई, यात निळा कुठेच नाहीये." मॅडमच्या शेल्फवर निळ्याच्याच नऊ बाटल्या होत्या.

तिथून परत भुसावळ, तापीचा पूल, आणि फैजपूरकडे मामाच्या गावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, पानं वाऱ्याने फाटून झालर झालेली. फैजपूर ओलांडताना मामाची नेहमीची गोष्ट आठवली, आणि संध्याकाळी त्याने ती सांगितलीच: काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथे झालं, १९३६च्या डिसेंबरात, याच शेवटच्या आठवड्यात. अध्यक्ष नेहरू. माझे आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, बैलगाडीतून गेले होते आणि नेहरूंपेक्षा त्यांना कमानीच जास्त लक्षात राहिल्या. ती सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची. गांधीजींची अट होती की गावात मिळतं त्यातूनच उभं करा, म्हणून बांबू, चटया, गवत. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. या वेळी पहिल्यांदा मध्येच थांबवून विचारलं, "मामा, तुझ्या शेतातली थोडी माती नेऊ?"

"ट्रॉली भरून ने," मामा म्हणाला.

पण माती हिवाळ्यातली, दवाने दमट. ओलं चालत नाही. मामीपुढे अडचण मांडली तर तिने एक जुनी कढई काढली, अंगणातल्या चुलीवर ठेवली आणि माती भाजायला घेतली. उलथन्याने, रवा भाजतात तशी. सुरुवातीला वाफ आली, पहिल्या पावसाचा वास आला, मग रंग उतरत उतरत काळ्याचा राखाडी झाला. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती.

"काय करू रायली वं?"

"माती भाजू रायली," मामी म्हणाली. "पुण्याच्या पाहुण्यायले लागते."

मग चाळणीने चाळून, डब्यात भरून, वर झाकण. डबा चहा पावडरीचा, म्हणून मामीने वर चिकटपट्टी लावली, नाहीतर उद्या सकाळी चहात पडायची.

रात्री शेतात भरीत. यावर वेगळं लिहिता येईल इतकं आहे, पण थोडक्यात: बामणोदची हिरवी लांबोडी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेली, सोलून लाकडी उखळीत ठेचलेली, त्यात भाजलेली मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मामा पाहुण्यांना सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की भाव काही त्याने वाढला नाही. जाळ विझत आल्यावर लेकीने एका भाजलेल्या वांग्याचं देठ उचललं, बघितलं आणि विचारलं, "हे रेझिनमध्ये टिकेल?" मामी म्हणाली, "पहिले खाऊन घे, मंग पाह्य तुझं ते."

चौथा दिवस, २८ डिसेंबर

सकाळच्या एसटीने जळगाव. मांडीवर मातीचा डबा.

खोकी उचलली गेली. लेकीच्या बोगनवेलीच्या कोस्टरमध्ये रात्रीतून एक लाल मुंगी शिरली होती, पाय पसरून, मिशा शाबूत. मला वाईट वाटलं, लेकीला आनंद. अंबर म्हणजे झाडाची जुनी राळ दगड झालेली, त्यात किडे सापडतात, हे तिला शाळेत झालंय. कोस्टरची किंमत तिच्या मते दुप्पट झाली.

माझा पहिला कोस्टर: मॅडमनी नखाने दाबला. नखाची चंद्रकोर उमटली आणि तशीच राहिली. बोट उचललं तर जरा चिकटून आलं. "हा गेला." वरचा चिकट भाग खरवडून योग्य मापाचा नवा थर देता येतो, पण आतच मऊ असेल तर वर कितीही द्या. मी तो ठेवून घेतलाय. पारोळ्याचं सासर आठवायला.

मग तापी. बारा इंच बाय आठ इंचांचा सिलिकॉनचा साचा (सिलिकॉनला रेझिन चिकटत नाही, म्हणून साचे त्याचेच). तीनशे ग्रॅम: दोनशे आणि शंभर. काटा शून्यावर आहे हे मी मोठ्याने म्हणून दाखवलं. साच्याखाली सुताराच्या मुलाने त्याची पाणसळ ठेवली. मॅडमचं टेबल एका बाजूला उतरतं होतं. पायाखाली पुठ्ठ्याच्या दोन घड्या घातल्यावर बुडबुडा मधोमध आला.

रंग करायला अर्धा तास गेला. फोनमधला फोटो एकीकडे आणि कपातला रंग एकीकडे. हिरव्यात काळ्याचा टिपका टाकला तर डबक्याचा रंग आला. पिवळी माती घातली तर शेवाळं आलं, पण प्लास्टिकचं. सुताराचा मुलगा म्हणाला, "थोडं दूध पाहिजे." त्याला पांढरा म्हणायचं होतं. काडीच्या टोकावर पांढरा घेतला, ढवळला, आणि कपात एकदम चांगदेवचं पाणी उभं राहिलं. मॅडम जवळ आल्या, कप उजेडात धरला. "ही बाटली विकत मिळत नाही," म्हणाल्या.

पूर्णेसाठी तपकिरी. काठासाठी मामाची माती, थोड्या रेझिनमध्ये कालवलेली. ती पुन्हा ओली होताच पुन्हा काळी झाली, नांगरलेल्या शेतासारखी. भाजलेली माती रेझिनमध्ये काळी पडणार हे कुणी सांगितलं नव्हतं. चमच्याने साच्याच्या दोन कडांना ती लावली. कापसासारखी ती कुठे गेली नाही.

दोन नद्या दोन कोपऱ्यांतून सोडायच्या. मी कप उचलला तर मॅडमनी हात धरला. "आत्ता नाही. आत्ता सोडलंत तर दोन्ही मिसळून चिखल होईल. दहा मिनिटं हात मागे." आणि आम्ही खरंच हात मागे बांधून उभ्या राहिलो. थंडीत ते घट्ट व्हायला वेळ लावत होतं. काडी उचलली की धार तुटायच्याऐवजी दोरी होऊन खाली आली, तेव्हा मॅडमनी मान डोलावली. एका हाताने तापी, दुसऱ्या हाताने पूर्णा. मध्ये गाठ पडली, आणि तपकिरीचं एक बोट हिरव्यात शिरलं. मी हीट गन घेतली तर मॅडमनी ती फक्त बुडबुड्यांपुरती वापरू दिली. "फेस नको ना तुम्हाला?" नको होता. बाकीच्या सहांच्या ट्रेंना लाटा होत्या, माझ्याला नाही. खोकं झाकताना आत एक बल्ब सोडला, कोंबडीच्या पिलांना लावतात तसा. रात्री ऊब राहावी म्हणून.

पाचवा दिवस, २९ डिसेंबर

साचा काढायला सकाळी दहाला गेलो. खोकं उचललं आणि मी थांबले. पूर्णेचं ते बोट रात्रीत आणखी चार इंच पुढे गेलं होतं. ओतल्यावरही घट्ट होईपर्यंत रंग सरकत राहतात, मॅडम म्हणाल्या होत्या. पण काल मी जिथे सोडलं होतं ते हे नव्हतंच. तपकिरी बारीक होत, फाटत, शेवटी हिरव्यात मुरून गेलेली. आजोबांनी मध्येच बोट सोडून दिलं होतं, जवळपास त्याच जागी.

साच्यातून ट्रे सुटला, पण वाकत होता. आंब्याच्या पोळीसारखा. बावीस तास झाले होते, तेही थंडीचे. "आणखी एक दिवस ठेवा. पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो," मॅडम म्हणाल्या. माझी रात्रीची गाडी होती. त्यांनी तो एका प्लायवर ठेवला, वर बटर पेपर, आणि बजावलं: आडवाच न्यायचा, उभा नाही, आणि आठवडाभर वर काही ठेवायचं नाही. गरम कप तर कधीच नाही, खूण पडते.

जळगावहून चाळीसगावपर्यंत दुपारच्या गाडीने, छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला. स्टेशनच्या जवळच. विलायतेत शिकून आलेला हा पारशी माणूस १९८९ साली जाईपर्यंत पन्नासेक वर्षं या घराबाहेर जवळजवळ पडला नाही. का, याच्या रेल्वेगाडीच्या आणि प्रेयसीच्या गोष्टी सांगतात. खऱ्या किती कोण जाणे. मला बघायचे होते त्यांचे टेबलटॉप फोटो. दार लावून, टेबलावर हाताशी असलेल्या वस्तू मांडून त्यांनी निसर्ग उभा केला आणि त्याचा फोटो काढला. एका फोटोपुढे मी बराच वेळ होते, हातात आडवा ट्रे धरून. तिथल्या काकांनी शेवटी विचारलं, "ताई, केक आहे का? खाली ठेवा की."

मी बटर पेपर उचलून दाखवला. काका चष्मा वर करून वाकले. "कुठली नदी?" म्हणाले. नदी म्हणाले, समुद्र नाही. माझं काम झालं.

पुण्याच्या गाडीत ट्रे वरच्या बर्थवर आडवा ठेवला होता. मनमाडला कुणीतरी चढलं, बॅग टाकली आणि अंधारात तो सरकवून भिंतीला उभा केला. मी जागी झाले तेव्हा दौंड गेलं होतं आणि तापीला पोक आलं होतं.

घरी आल्यावर हेअर ड्रायरने गरम केला, फरशीवर पालथा घातला, वर शब्दकोशाचे दोन खंड. बराचसा सरळ झाला. एक कोपरा मात्र अजून जरासा उचललेला आहे. त्यावर गार पाण्याचा पेला ठेवला की तो हळूहळू सरकतो, आणि आमचं टेबल ज्या बाजूने लावलंय त्या हिशेबाने पश्चिमेलाच सरकतो.